मोठ्या आपत्तीतील मृतदेह: गावाने आधीच काय शिकून ठेवावे

पूर, दरड, भूकंप असे काही घडले की दुर्गम गावात बाहेरची मदत पोहोचायला एक-दोन दिवस सहज जातात. रस्ता तुटलेला असतो, फोन लागत नाहीत. ढिगाऱ्यातून जिवंत माणसे काढणारे गावकरीच आणि मृतदेह उचलणारेही तेच. त्या दोन दिवसांत त्यांनी काय लिहून ठेवले, यावर कोणत्या घराला आपले माणूस परत मिळेल आणि कोणाचे नाव बेपत्तांच्या यादीतच राहील हे बरेचसे ठरते. म्हणून या तयारीत वही, मार्कर आणि कॅमेरा यांना पहिले स्थान द्या.

साथीची भीती आधी घालवा

मृतदेह पडून राहिले की रोगराई पसरते, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. अशा आपत्तीत माणसे मार लागून, बुडून किंवा भाजून मरतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना साथीचा कोणताही आजार नसतो. तरीही भीतीपोटी घाईने सामूहिक दफन किंवा दहन उरकले जाते आणि ओळख पटवण्याची संधी कायमची जाते. अनोळखी मृतदेहाचे दहन तर करूच नये, कारण नंतर तपासायला जवळजवळ काहीच उरत नाही. मृतदेहांवर चुना टाकणे, जंतुनाशक फवारणे यात वेळ घालवू नका. त्याचा फायदा नाही.

थोडा धोका असतो तो मृतदेह हाताळणाऱ्यांना, रक्त आणि विष्ठेतून. जाड हातमोजे, गमबूट, काम संपल्यावर साबणाने हात धुणे आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली असणे, एवढे पुरते. मास्कची गरज नसते; वासाने अस्वस्थ वाटणाऱ्याने लावला तर लावू द्या. मात्र मृतदेह पाण्यात पडला असेल तर ते पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. कॉलरा, इबोला यांसारख्या आजाराने झालेले मृत्यू, रासायनिक गळती आणि घातपाताचा संशय या प्रसंगांत गावाच्या पथकाने मृतदेहांना हात लावू नये. जागा राखावी आणि प्रशिक्षित लोकांची वाट पाहावी.

पथक आणि पेटी

एका पथकात सहा जण असावेत: चौघे उचलायला, एक लिहायला, एक फोटो काढायला. लिहिणाऱ्याने मृतदेहाला हात लावायचा नाही, नाहीतर वही आणि पेन दोन्ही खराब होतात. ज्यांच्या घरचे माणूस सापडत नाही त्यांना या कामावर घेऊ नका, अठरा वर्षांखालील मुलांना तर मुळीच नको. पाळी लहान ठेवा आणि दुसरे पथक तयार ठेवा.

पंचवीस मृतदेहांच्या हिशेबाने पेटी भरायची तर तीस शवपिशव्या (नसतील तर जाड प्लास्टिकचे तुकडे किंवा चादरी), पाण्याने न भिजणारी शंभर लेबले, सहा पक्क्या शाईचे मार्कर, साठ झिप-पिशव्या, सुतळी, मोजपट्टी, दोन बांधीव वह्या, ताडपत्री आणि पॉवर बँक एवढे लागते. लेबल कागदी असेल तर ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. बॉलपेनची शाई ओलीत टिकत नाही. सुट्या कागदांवर नोंद करू नका. ते उडतात, हरवतात आणि मग क्रम लागत नाही.

एक मृतदेह, एक क्रमांक

क्रमांकात तीन गोष्टी हव्यात: सापडल्याची जागा, पथकाचे अक्षर आणि अनुक्रम. उदाहरणार्थ, पूल-अ-007. पथकाचे अक्षर नसले की दोन्ही पथके 001 पासून सुरुवात करतात आणि संध्याकाळी एका क्रमांकाचे दोन मृतदेह समोर येतात. मृतदेह दुसरीकडे हलवला तरी क्रमांक बदलायचा नाही आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

प्रत्येकाला तीन लेबले लागतात: एक मनगटाला किंवा घोट्याला, दुसरे शवपिशवीला, तिसरे सुट्या सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीला. फक्त कपड्यांना अडकवलेले लेबल कपड्यांबरोबर निघून जाते. दागिने, पाकीट, कागदपत्रे काढून वेगळी ठेवू नका. मृतदेहासोबतच राहू द्या. शरीराचा एखादा भाग सुटा सापडला तर त्यालाही स्वतंत्र क्रमांक द्या. हा अमक्याचाच असावा म्हणून जवळच्या मृतदेहाबरोबर ठेवणे, हा चांगल्या हेतूने होणारा फार मोठा घोटाळा आहे.

वहीत क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, अंगावरचे कपडे आणि वस्तू, व्रण, गोंदण, काढणाऱ्यांची नावे एवढे लिहा. 'पिवळ्या धातूची अंगठी' असे लिहा, 'सोन्याची' नको. सोने की नाही हे पथकाला कळत नाही आणि पुढे त्यावरून वाद होतात.

फोटो

उष्ण हवेत बारा ते अठ्ठेचाळीस तासांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. त्यामुळे लवकर काढलेल्या फोटोची जागा नंतर काढलेला कितीही चांगला फोटो घेऊ शकत नाही. चेहऱ्यावरचा चिखल हलक्या हाताने पुसा आणि निदान चार फोटो काढा: समोरून पूर्ण शरीर, पूर्ण चेहरा, ओळखीच्या खुणा, कपडे व वस्तू. प्रत्येक फोटोत क्रमांक दिसलाच पाहिजे. कॅमेरा मृतदेहाच्या बरोबर वर, मध्यावर धरा. पायाकडून किंवा डोक्याकडून तिरका काढला तर चेहऱ्याची ठेवण बदलते. प्रत्येक फोटो जागीच मोठा करून पाहा. हे फोटो एकाच फोनवर राहतील आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाणार नाहीत, याची जबाबदारी एका माणसावर टाका.

ठेवायचे कुठे

मृतदेह 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवणे उत्तम, पण गावात शीतपेटीचा कंटेनर लगेच मिळत नाही. साध्या बर्फाचे पाणी होते आणि मृतदेह आणखी खराब होतो. ड्राय आइस (गोठवून घन केलेला कार्बन डायऑक्साइड) मिळाला तर सुमारे वीस मृतदेहांच्या गटाभोवती अर्धा मीटर उंचीची भिंत रचून वर ताडपत्री टाका. एका मृतदेहाला दिवसाला साधारण 10 किलो लागतो. तो अंगावर ठेवायचा नाही, उघड्या हाताने धरायचा नाही आणि बंद खोलीत तर मुळीच वापरायचा नाही, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरतो.

हेही जमले नाही तर तात्पुरते दफन करा. जमिनीत तापमान कमी असते आणि मृतदेह नंतर काढता येतो. चर दीड मीटर खोल, पिण्याच्या पाण्यापासून किमान 200 मीटर लांब, दोन मृतदेहांमध्ये 40 सेंटीमीटर अंतर आणि थर एकच. एकावर एक रचले की खालचा शोधायला वरचे सगळे उकरावे लागतात. प्रत्येकाची जागा जमिनीवर खुणेने दाखवा आणि वहीत नकाशा काढा. ही जागा आपत्तीपूर्वीच स्थानिक प्रशासनाशी बोलून ठरवलेली असावी. आयत्या वेळी हा विषय काढला की भांडणे होतात.

नातेवाईक

माहितीचे ठिकाण एकच ठेवा आणि बेपत्तांची वही मृतदेहांच्या वहीपेक्षा वेगळी. त्यात नाव, वय, शेवटचे कुठे दिसले, कपडे, जुने अस्थिभंग, दातांची ठेवण हे लिहून घ्या. दात दिसणारा हसरा फोटो फार उपयोगी पडतो. नातेवाइकांना मृतदेहांच्या रांगांमधून फिरवू नका. धक्क्यात असलेला माणूस चुकीचा मृतदेह आपला म्हणतो, आणि तशा एका चुकीत दोन घरे फसतात. आधी फोटो दाखवा, मग कपडे, व्रण, वस्तू यांच्या नोंदी जुळवून पाहा. मृतदेह ताब्यात देण्याचा अधिकार गावाच्या पथकाचा नाही; तो अधिकृत यंत्रणेचाच. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांवरून ओळख पटवण्याचे कामही तज्ज्ञांवर सोडा.

सराव

वर्षातून एकदा, दोन तास पुरतात. जुने कपडे घातलेल्या वीस गोण्या शिवारात टाका, दोन पथकांना काम करू द्या. मग त्रयस्थ माणसाने विचारायचे: पूल-अ-012 कुठे सापडली, तिचे फोटो कोणते, आत्ता कुठे आहे? पाच मिनिटांत तिन्ही उत्तरे आली नाहीत, तर नोंदीची पद्धत सुधारायला हवी. अधिकृत पथक आले की मूळ वही आणि फोटो सही घेऊन त्यांच्या हवाली करा आणि वहीच्या प्रत्येक पानाची प्रत गावाकडे ठेवा.