थंडीत घरात आणलेल्या मिरचीवर कीड पडली? या चुका टाळा

न्यू जर्सी असो, टोरांटो असो की म्युनिक, ऑक्टोबर लागला की तिथल्या मराठी घरांत कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. तुळस आत, कढीपत्ता आत आणि त्यांच्या मागोमाग मिरची. मिरचीचं झाड खरं तर अनेक वर्षं जगणारं. गोठवणारी एक रात्र त्याला मारते, पण घरात तगवलं तर पुढच्या उन्हाळ्यात बियांपासून केलेल्या रोपाच्या कितीतरी आधी त्याला मिरच्या लागतात. अडचण येते ती नाताळच्या सुमारास. पानं चिकट लागतात, शेंडे आखडतात, खिडकीच्या काचेवर बारीक काहीतरी उडताना दिसतं. मग घाईघाईने जे उपाय होतात, त्यांतले निम्मे झाडालाच बाधतात.

झाड जसंच्या तसं आत आणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती कीड दिसण्याच्या दोन महिने आधीच झालेली असते. घरातली कीड बहुतेक वेळा घरात जन्मत नाही, कुंडीबरोबर आत येते. बाहेर मावा (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) खायला ढालकिडे आणि क्रायसोपा या कीटकाच्या अळ्या असतात, पावसाच्या सरी पानं धुऊन काढतात. घरात यातलं काहीच नाही. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं घालते आणि उबदार खोलीत ती पिल्लं साधारण आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवायला लागतात. एक मादी आत आली तरी पुरते.

म्हणून रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरायच्या आत काम उरकावं. झाड निर्दयपणे छाटा: मुख्य खोड आणि दोन-तीन फांद्यांचे खुंट, एकूण उंची वीतभर किंवा थोडी जास्त. पानं सगळी काढा. अनेकांचा हात इथेच थांबतो, कारण हिरवंगार झाड बोडकं करायला जीव होत नाही. पण बहुतेक कीड आणि तिची अंडी त्या पानांवर आणि कोवळ्या शेंड्यांवरच असतात. मग झाड कुंडीतून काढून जुनी माती झटका, मुळं कोमट पाण्याने धुवा, खोड बोटांनी चोळून धुवा आणि नव्या पॉटिंग मिक्समध्ये लावा. बागेतली माती भरू नका. तुळस आणि कढीपत्त्यापासून दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. कढीपत्त्याच्या देठांवर खवले कीड असली तर ती मिरचीवर यायला वेळ लागत नाही.

काय पडलंय ते न बघता फवारणं

आधी भिंग घ्या. पानाची मागची बाजू बघा.

शेंड्यावर हिरवे किंवा काळपट मऊ किडे, आसपास पांढऱ्या कातीचे बारीक तुकडे आणि खालच्या पानांवर चिकटपणा दिसला, तर तो मावा. त्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि देठाशी बारीक जाळी दिसली, तर लाल कोळी. कोळी हा कीटकच नाही, त्यामुळे कीटकांसाठीची कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. पानांवर चंदेरी चट्टे आणि काळे बारीक ठिपके म्हणजे फुलकिडे. झाड हलवल्यावर पांढरं काही उडालं तर पांढरी माशी, आणि फांदीच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण.

गावाकडे ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात तो घरातल्या झाडावरही दिसतो, आणि शेतातली जुनी खूण इथेही कामी येते: पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिड्यांचा संशय घ्या, खाली वळल्या तर कोळ्यांचा. हा कोळी वरच्या लाल कोळ्याहून वेगळा, तो जाळी करत नाही आणि साध्या डोळ्याला दिसतही नाही. शेंडा कडक, तपकिरी, खुजा झाला आणि भिंगातूनही काही नीट सापडलं नाही, तर त्याचीच शक्यता जास्त.

आणि एक गंमत. पानामागे काचेच्या खड्यांसारखे चमकणारे दाणे दिसले की लोक अंडी समजून फवारणीला धावतात. पुष्कळदा ती अंडी नसतातच. पाणी जास्त झालं आणि हवा खेळती नसली की मिरचीच्या पानामागे असे फोड आणि दाणे येतात. याला औषध एकच, पाणी कमी करणं. तसंच जागा बदलल्यावर पहिल्या पंधरवड्यात पानं पिवळी होऊन गळली तर तीही कीड नव्हे.

फोनवरून आलेले उपाय

भारतात फोन लावला की उत्तर तयार असतं: रोगर हे कीटकनाशक मार, तंबाखूचं पाणी मार, लसूण-मिरचीचा अर्क मार. शेतात, उघड्या हवेत यामागे काही अनुभव आहे. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये नाही.

तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन माणसालाही विषारी आहे, कातडीतून अंगात भिनतं. शिवाय मिरची आणि तंबाखू एकाच कुळातल्या, त्यामुळे तंबाखूतून मोझॅक विषाणू झाडाला लागू शकतो. तो बरा होत नाही. सिगारेट ओढून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मिरचीला हात लावू नये, तो याचसाठी. लसूण-मिरचीचा अर्क जेवणघरात फवारला तर मावा राहतो आणि घरातली माणसं खोकत बाहेर पळतात. राखेने कुंडीतली माती अल्कधर्मी होत जाते. आंबट ताकाचा वास जानेवारीत खिडकी उघडून घालवायचा, म्हणजे झाडाला वर थंडीचा फटका. रोगरसारखी शेतीची रसायनं तर राहत्या घरात अजिबात नकोत.

दुकानातही एक सापळा असतो. शोभेच्या झाडांसाठी मातीत मिसळायचे दाणेदार कीटकनाशक मिळतात. ते मुळांवाटे सगळ्या झाडात पसरतात, फळातही. लेबलवर खाण्याच्या झाडांचा उल्लेख नसेल तर ते मिरचीला घालू नका, कीड कितीही असो.

भांड्यांचा साबण आणि निंबोळी तेल

भांडी घासायचं लिक्विड हे बहुधा साबण नसून डिटर्जंट असतं. ते पानांवरचं मेणाचं पातळ अस्तर काढतं आणि कडा करपतात. झाडांसाठीचा पोटॅशियमचा साबण वेगळा मिळतो, तोच घ्या आणि लेबलवरच्या प्रमाणात वापरा. नळाचं पाणी जड असेल तर साबण फाटतो, पांढरी साय येते आणि परिणाम निम्मा होतो. तिथे डिस्टिल्ड पाणी बरं. साबण ओला असतो तोवरच काम करतो आणि ज्या किड्याला लागला त्यालाच मारतो. वरून छान भिजवलं आणि मागची बाजू कोरडी राहिली, तर काहीच झालं नाही असं समजा.

निंबोळी तेल थंडीत गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा, लिटरभर कोमट पाण्यात साधारण 5 मिलि तेल आणि थोडा साबण घालून दुधाळ होईपर्यंत हलवा. त्याच दिवशी संपवा, उरलेलं दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवू नका. ग्रो लाइट बंद करूनच फवारा, आणि आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. कोळ्यांसाठी गंधक वापरायचं असेल तर तेलाच्या फवारणीत आणि त्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. निंबोळी तेलाबाबतचे नियम देशागणिक बदलतात, लेबल वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर या दोन्हींच्या आधी न्हाणीघर. कुंडीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची, झाड आडवं धरायचं आणि कोमट पाण्याच्या जोरदार शॉवरखाली पानांची मागची बाजू धुवायची. मावा यातच बहुतेक जातो. शेंडा लडबडला असेल तर तो कात्रीने उडवा, पुन्हा फुटतो. पिठ्या ढेकणाला 70 टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लावला की पुरे.

एकदा मारलं आणि विसरले

साबणाने अंडी मरत नाहीत. कोळ्याची अंडी उबदार खोलीत काही दिवसांतच फुटतात, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने निदान तीन-चार फेऱ्या हव्यात. पांढऱ्या माशीला अंड्यापासून माशी व्हायला घरातल्या तापमानात तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा तिथे महिनाभर धीर धरावा लागतो. फुलकिड्यांची कोषावस्था मातीत जाते. नुसती पानं भिजवून ते संपणार नाहीत, वरची इंचभर मातीही बदला. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्यांनाच धरतात आणि मावा बहुतेक बिनपंखी असतो. सापळा रिकामा आहे म्हणून झाड निरोगी, असं नाही.

विकत आणलेले ढालकिडे घरात सोडणं हा पैशाचा चुराडा. ते खिडकीकडे उडतात. त्यापेक्षा माव्यासाठी परजीवी माश्या किंवा कोळ्यांसाठी भक्षक कोळी मागवावेत, पण आधीच्या फवारणीचा अंश झाडावर नसताना.

मातीवर घोंघावणारी चिलटं ही जास्त पाण्याची पावती. माती वरून सुकू द्या. तरीही राहिली तर डासांच्या अळ्यांवर वापरतात ते बीटीआय हे जिवाणूंचं औषध पाण्यातून द्या. हीटरवरची खिडकी कोळ्यांना फार मानवते, तिथून झाड हलवा. 10 ते 13 अंशांच्या तळघरात अर्धवट झोपलेलं झाड पाणीही कमी मागतं आणि कीडही तिथे सावकाश वाढते. आणि थंडीत नत्रयुक्त खत नको. त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी माव्यासाठीच असते.

नको त्या झाडाला धरून बसणं

चार फेऱ्यांनंतरही शेंडे आखडलेलेच असतील, किंवा पानांवर मोझॅकसारखे पिवळे-हिरवे पट्टे असतील, तर झाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, घरातल्या कंपोस्टमध्ये नको. ज्वाला किंवा लवंगीसाठी बाकीच्या कुंड्या धोक्यात घालण्यात अर्थ नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये बी टाकलं की उन्हाळ्यात मिरच्या मिळतात. नागा किंवा हबानेरोसारख्या सावकाश येणाऱ्या जातीसाठी मात्र आणखी एक-दोन फेऱ्यांचा खटाटोप करायला हरकत नाही.