बदख्शानच्या दरीतला दवाखाना: खर्चाचा अंदाज कसा काढायचा

आमचं घर इचलकरंजीचं. बाबांचे बारा माग होते. ५२ पिकाच्या (म्हणजे इंचाला ५२ आडव्या धाग्यांच्या) कापडाला मीटरमागे मजुरी किती पडते, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं. पुढे कॉस्ट अकाउंटंट झाले आणि २०११ साली अफगाणिस्तानात एका संस्थेच्या दवाखान्यांचा खर्च मांडायला गेले. तीन वर्षं तिथे काढली, त्यातली बरीचशी बदख्शान या ईशान्येकडच्या डोंगराळ प्रांतात. आता ओळखीतली पोरं मदतसंस्थांच्या नोकऱ्यांवर निघाली की विचारतात, "ताई, जिथे सरकारच धड उभं नाही तिथे दवाखान्याचं बजेट कसं मांडायचं?" हे त्यांच्यासाठी.

आधी काय मोजायचं ते ठरवा. अफगाणिस्तानात हे काम सोपं होतं, कारण २००३ मध्येच तिथल्या आरोग्य मंत्रालयानं प्राथमिक सेवांचं एक पॅकेज ठरवलं होतं. बाळंतपण, लसीकरण, बालरोग, पोषण, क्षयरोग, मलेरिया वगैरे. ते कुठे द्यायचं हेही ठरलेलं. गावात दोन स्वयंसेवकांचं आरोग्य ठाणं, एक बाई आणि एक पुरुष, १०००-१५०० लोकांमागे. त्यावर १५ ते ३० हजारांना मूलभूत आरोग्य केंद्र, मग मोठं केंद्र, मग जिल्हा रुग्णालय. आपल्याकडे सपाटीवर ३० हजारांना आणि आदिवासी भागात २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, तसंच. सेवा बहुतेक ठिकाणी संस्था कंत्राटानं चालवत. सुरुवातीची कंत्राटं माणशी वर्षाला साडेचार-पाच डॉलरच्या आसपास पडत. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या आयोगानं गरीब देशांना आवश्यक सेवांसाठी माणशी सुमारे ३४ डॉलर लागतील असं म्हटलं होतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एकात कंत्राटदाराचा केंद्रांचा खर्च आहे. दुसऱ्यात रुग्णालयं, एड्सची औषधं, अख्खी यंत्रणा आहे. आकडा ऐकला की "यात काय काय धरलंय?" हे आधी विचारायचं.

मग माणसं मोजा. इथेच पहिली माती खाल्ली जाते. अफगाणिस्तानची शेवटची जनगणना १९७९ची, तीही अर्धवट राहिलेली. त्यानंतरचे सगळे आकडे अंदाजाचे. मंत्रालयाच्या यादीत एका दरीची वस्ती २०,००० असायची, तिथले मुल्ला ३०,००० सांगायचे (जास्त माणसं म्हणजे जास्त औषधं, त्यांचं काही चूक नाही), आणि आमचा ड्रायव्हर म्हणायचा, निम्मी पोरं इराणला गेलीत. मी पोलिओवाल्यांकडे जायचे. ते घरोघर फिरून डोस पाजतात, त्यांच्या तक्त्यात पाच वर्षांखालच्या मुलांची मोजणी असते. ही मुलं एकूण वस्तीच्या १७ ते २० टक्के धरली की उलटा हिशेब निघतो. अचूक नसतो, पण यादीपेक्षा जमिनीला धरून असतो.

फरक किती पडतो पाहा. समजा केंद्राचा वर्षाचा खर्च एक लाख डॉलर. वस्ती २०,००० असेल तर माणशी ५ डॉलर. खरी वस्ती १४,००० निघाली तर सात डॉलरच्या वर. खर्च तोच, भागाकार बदलला. म्हणून अहवालात माणशी आकड्याच्या शेजारी, त्याच अक्षरांत, वस्ती कुठून घेतली ते लिहायचं. तळटीपेत नाही. तळटीप कोणी वाचत नाही.

आता गाभ्याचं काम. एकेक सेवा घ्यायची आणि तिला किती मिनिटं, कोणाची, आणि काय सामान लागतं ते मांडायचं. यासाठी तयार संगणकी साधनं आहेत, 'वनहेल्थ' त्यातलं एक. पण पहिला हिशेब हातानं करा, नाहीतर साधन काय पोटात घालतंय ते कळत नाही.

बाळंतपण घेऊ. २०,००० वस्ती, हजारी ४० जन्म धरले तर वर्षाला ८०० गरोदर बायका. प्रत्येकीच्या चार तपासण्या, एकेक २० मिनिटांची: साधारण १,०६६ तास. चाळीस टक्के बाळंतपणं केंद्रात झाली तर ३२०. एकेकीपाशी मिडवाइफचे सहा तास, म्हणजे १,९२० तास. बाळंतपणानंतर आठशेही जणींच्या दोन-दोन भेटी, त्याही २० मिनिटांच्या: ५३३ तास. बेरीज ३,५१९. एक मिडवाइफ वर्षाला किती तास देते? शुक्रवार, ईद, रजा, प्रशिक्षणं वजा करून २२० दिवस, दिवसाचे सहा तास: १,३२०. म्हणजे पावणेतीन मिडवाइफ हव्यात, आणि पॅकेजच्या नियमात मूलभूत केंद्राला एक. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं चारऐवजी आठ तपासण्या सुचवल्या. त्या धरल्या तर साडेतीन. हे तक्ते दाखवले की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, पण निम्म्याही बायका येत नाहीत." खरं आहे. म्हणून दोन रकाने करायचे: गरजेप्रमाणे किती लागेल, आणि आत्ता जेवढ्या येतात तेवढ्यांना किती लागतं. मधलं अंतर हीच तुमची बातमी. एकच रकाना मागणाऱ्याला मी कधी एकच रकाना दिला नाही.

या सेवेवर मी एवढी का अडकले ते सांगते. २००२ मध्ये झालेल्या एका पाहणीत बदख्शानच्या राघ भागात लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ६,५०० मातामृत्यू मोजले गेले. त्याच पाहणीत काबूल शहरात ४१८. हे वाचून तिकडे गेलेल्या माणसाला मिडवाइफचा पगार ही नुसती एक ओळ वाटत नाही.

आणि ती ओळ एकटी नसते. डोंगरातल्या केंद्रावर मिडवाइफ एकटी येत नाही. नवरा येतो, नाहीतर भाऊ, नाहीतर सासरा. त्याचा प्रवास, राहायची खोली, कधीकधी त्यालाच चौकीदाराची नोकरी. शिवाय दूरच्या जागेचा भत्ता. पगारपत्रकात यातलं काहीच दिसत नाही, भाड्याच्या आणि 'इतर'च्या खात्यात विखुरलेलं असतं. ते वेचून एकत्र आणा. गावातल्या स्वयंसेवकांचंही तसंच. पगार शून्य, म्हणून खर्च शून्य लिहिलेले तक्ते मी पाहिलेत. त्यांचं प्रशिक्षण, औषधाची पेटी, महिन्याच्या बैठकीचं जाणंयेणं, देखरेख करणाऱ्याची मोटरसायकल, हे सगळं कोण देतं?

औषधांपाशी माझी मोठी चूक झाली. सांगते. पहिल्या वर्षी वेळ कमी होता, म्हणून गेल्या वर्षीचा औषधखर्च घेतला, त्यावर महागाई चढवली आणि मोकळी झाले. जलसंजीवनीचा आकडा फारच कमी दिसत होता, पण मला वाटलं थंड मुलूख आहे, जुलाब कमी असतील. फैजाबादच्या, म्हणजे बदख्शानच्या मुख्य शहरातल्या, भांडारात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता स्टॉक कार्ड पुढे सरकवलं. तिकडचे महिने म्हणजे आपल्या राशीच: हमल म्हणजे मेष, जौजा म्हणजे मिथुन, सरतान म्हणजे कर्क, असद म्हणजे सिंह. जौजा, सरतान, असद, तिन्हीपुढे शिल्लक शून्य. ऐन उन्हाळा, जुलाबाचा हंगाम, आणि पाकिटंच नव्हती. नसलेलं औषध खर्ची कसं पडणार? मी तुटवड्याचाच दर काढून पुढच्या वर्षाला लावला होता.

तेव्हापासून नियम: झालेला खर्च वेगळा, लागणारा खर्च वेगळा. औषध रुग्णांवरून काढायचं. न्यूमोनियाचं मूल आलं, पाच दिवस, दिवसातून दोनदा अमॉक्सिसिलिनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या. वर्षाच्या आतल्याला एकेक म्हणजे १०, एक ते तीन वर्षांच्याला दोन-दोन म्हणजे २०, त्यावरच्याला ३०. मुलांच्या वयाचं प्रमाण माहीत नसेल तर हा खर्च तिपटीनं हलू शकतो. मग शून्य शिल्लकीचे महिने पाहून गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडा.

वाया जाणारंही धरा. मागावर सुताची घट धरतात तसंच. गोवराची दहा डोसांची कुपी एकदा कालवली की सहा तासांत टाकायची. दरीतल्या गावात त्या दिवशी तीन मुलं आली तर सात डोस गटारात. लसीचा खर्च मुलामागे तिपटीहून जास्त. कुपी उघडू नका, दहा जमेपर्यंत थांबा, असं सांगणारा व्यवस्थापक मला भेटला होता. तिसऱ्या मुलाची आई चार तास चालून आली होती.

हिवाळ्याचं बजेट वेगळं मांडा. बर्फानं रस्ता बंद झाला की चार-पाच महिन्यांचा माल आधीच पोचलेला हवा. म्हणजे पैसे आधी अडकतात, कोठी मोठी लागते, शेवटच्या टप्प्याला गाढवं लागतात. बुखारीचं, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीचं, जळण ही आमच्याकडे विजेपेक्षा मोठी ओळ होती. बारा महिन्यांचा खर्च बारानं भागून मासिक हप्ते मागितलेत तर ऐन शरदात हात रिकामे राहतील.

सरकारी हिशेब वापरणार असाल तर वर्ष तपासा. शमसी, म्हणजे तिकडच्या सौर पंचांगातलं, १३९१ हे अफगाण सरकारचं आर्थिक वर्ष नऊच महिन्यांचं होतं, कारण त्यांनी वर्षाची सुरुवात मार्चवरून डिसेंबरवर नेली. ते पूर्ण वर्ष समजून आलेख काढलेले मी पाहिलेत. १३९१ला खर्च घसरला, का घसरला यावर दोन परिच्छेदही लिहिलेले.

यंत्रसामग्री: सौरफ्रिज दहा वर्षं चालणार असेल तर किंमत दहा वर्षांवर वाटा, दुरुस्ती धरा, पुढे चला. मुख्य कार्यालयाचा वरखर्चही उघड दाखवा. लपवलात की तो मिडवाइफच्या ओळीत जाऊन बसतो.

पैसे पोचवण्याचा खर्च मात्र नीट पाहा. ऑगस्ट २०२१ नंतर देणगीदारांनी हात आखडले, देशाची परदेशातली गंगाजळी गोठली, बँकांतून पैसे काढायला मर्यादा आल्या. मी तेव्हा घरी होते. जुने सहकारी फोनवर विचारत, हवाल्याचं कमिशन कुठल्या खात्यात टाकू? स्वतंत्र ओळ करा, मी म्हटलं. पगार अफगाणीत, औषधं बाहेरून आलेली, देणगी डॉलरमध्ये. तीन चलनं आणि मध्ये हवालेवाला. विनिमय दर कुठल्या तारखेचा, ते वरच्याच पानावर लिहा.

शेवटी बाबांचा माग. कापड निघो न निघो, गाळ्याचं भाडं थांबत नाही. त्याच एक लाखाच्या केंद्रात वर्षाला १०,००० रुग्ण आले तर भेटीमागे १० डॉलर, २५,००० आले तर ४ (औषधं थोडी वाढतील, ती सोडून). अरुंद दरीतलं केंद्र भेटीमागे कायम महाग दिसणार. महाग दिसलं म्हणून बंद करायची शिफारस आली तर विचारा, पुढचं केंद्र किती तासांवर आहे. ते तास तक्त्यात एका रकान्यात घाला. मी घातले तेव्हा दोन केंद्रांवरचा, 'बंद करा' सांगणारा, लाल रंग काढला गेला.

तक्ता कुलूपबंद करू नका. मी माझा भांडारातल्या त्या गृहस्थांना दिला होता. त्यांनी एकच रकाना बदलला: गाढवाचं भाडं. मी एका फेरीचं धरलं होतं. परत येताना गाढव रिकामं येतं, पण मालक भाडं दोन्हीकडचं घेतो.