यूपीएस ओरडायचा, म्हणून ग्राफिक्स कार्डाचा व्होल्टेज उतरवला

मे महिन्यात नागपुरात रेंडर लावायचा (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल कॉम्प्युटरकडून बनवून घ्यायची) म्हणजे खोलीत शेगडी पेटवून बसायचं. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. गेल्या उन्हाळ्यात रेंडर चालू असताना लाईट गेली, की माझा ६०० व्हीएचा यूपीएस दोनदा पीं-पीं करून सरळ झोपायचा. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठा घ्या." पैसे घालण्याआधी म्हटलं, कार्डाचीच भूक कमी होते का बघू.

होते. कारखान्यातून निघताना त्या मॉडेलच्या कमजोर चिपलाही पुरेल एवढा व्होल्टेज सगळ्याच कार्डांना दिलेला असतो, आणि बहुतेक चिपना तेवढा लागत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. माझं कार्ड लोडवर, म्हणजे जोरात काम करताना, १.०५ व्होल्ट घेत होतं. ते ०.९ वर आणलं, तर क्लॉक (चिपचा वेग) तोच ठेवूनही चिपची वीज साधारण चौथाईने उतरते. मेमरी आणि पंखे मात्र आपलं खातच राहतात.

आधी साईड पॅनल काढून धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भणाणत फिरतो. मग एमएसआय आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर, कंपनीच्याच साईटवरून घ्या. नावसारखेपणाने फसवणाऱ्या साईटी आहेत. काहीही बदलण्याआधी नेहमीचा रेंडर किंवा गेम वीस मिनिटं चालवा आणि क्लॉक, व्होल्टेज, तापमान, वॅट कागदावर लिहून ठेवा. माझा कागद: १९०५ मेगाहर्ट्झ, १.०५ व्होल्ट, ७७ अंश, १६६ वॅट.

आता खरं काम. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकचा स्लायडर उणे २५० वर ओढा आणि अप्लाय करा, म्हणजे व्होल्टेज-क्लॉकच्या आलेखाची अख्खी रेघ खाली बसते. कंट्रोल धरून एफ दाबा, तो आलेख उघडतो: आडवा व्होल्टेज, उभा क्लॉक. ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका शोधा, तो एकटाच १८५० पर्यंत वर ओढा, पुन्हा अप्लाय. उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट झाले पाहिजेत. एखादा वर डोकावत असेल, तर कार्ड तिकडेच पळणार. स्लायडर आणखी खाली घ्या. चुकून एल दाबू नका, त्याने कार्ड रिकामं असतानाही त्याच क्लॉकवर अडकून बसतं. आणि १८५० ऐवजी १८३५ दिसलं तर घाबरू नका, गरम झालं की क्लॉक पंधरा-पंधराच्या पायरीने उतरतो.

मग चाचणी. इथे मी घाई केली. ९०० वर छान चाललं म्हणून हावरटासारखी ८७५ वर गेले. सुपरपोझिशन बेंचमार्क (कार्डाला ताण देऊन बघणारा प्रोग्राम) अर्धा तास बिनतक्रार चालला. रात्री दोन वाजता एका हळदीचा रेंडर ८७ टक्क्यांवर आला, स्क्रीन काळी, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आपटला. कमी व्होल्टेजने कार्ड जळत नाही, पण रात्र जाते. तेव्हा बेंचमार्कवर भरवसा नको, दोन-तीन दिवस रोजचं काम करून बघा. अडखळलं तर ठिपका तोच ठेवून क्लॉक ३० ने कमी करा, किंवा व्होल्टेज २५ ने वाढवा. मी मुकाट्याने ९०० वर परतले.

नवा कागद: १८३५ मेगाहर्ट्झ, ६८ अंश, १२९ वॅट. एक्केचाळीस मिनिटांचा रेंडर बेचाळीसला होतो. बिलात फार फरक पडत नाही हं: दिवसाला सहा तास धरले, तर महिन्याला सहा-सात युनिट वाचतात. खरा फायदा पंख्यांचा आवाज, खोलीची धग आणि यूपीएसचा. आता लाईट गेली तरी तो ओरडत नाही, प्रोजेक्ट सेव्ह करण्यापुरता तरी टिकतो.

आलेखाची भीती वाटत असेल, तर नुसता पॉवर लिमिटचा (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची, त्याचा) स्लायडर ७५ टक्क्यांवर आणा. वेग थोडा जास्त घटतो, पण क्रॅशची कटकट नाही. एएमडी कंपनीचं कार्ड असणाऱ्यांना व्होल्टेजचा स्लायडर तिच्याच ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरच्या ट्यूनिंगमध्ये मिळतो.

सगळं पक्कं झालं की प्रोफाइल सेव्ह करा आणि मगच विंडोज सुरू होताना आपोआप लागू होण्याची खूण करा. आधी केलीत आणि सेटिंग कच्चं निघालं, तर ते काढायला विंडोजच्या सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टी चालू करून उघडणाऱ्या) शिरावं लागू शकतं.