इक्लिप्समधून जावा चालवताना ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ आली तर

जावा प्रोग्रॅमला लागणारी नेटिव्ह लायब्ररी (सी वगैरे भाषेतली, त्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेली फाइल) लोड झाली नाही, की ही एरर येते. टर्मिनलवर चालणारा प्रोग्रॅम इक्लिप्समध्ये (कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असा अडला, की आधी एररचा मजकूर नीट वाचावा. ‘जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ’मध्ये (जावा अशा लायब्ररी जिथे शोधतं त्या फोल्डरांत) फाइल नाही असं असेल, तर प्रोजेक्टच्या जावा बिल्ड पाथमध्ये ती लायब्ररी वापरणारा जार (जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडून ‘नेटिव्ह लायब्ररी लोकेशन’ला लायब्ररीचं फोल्डर द्या. फोल्डरच, फाइल नव्हे. लिनक्सवर कोडमध्ये लायब्ररीचं नाव देताना सुरुवातीचं ‘लिब’ आणि शेवटचं ‘डॉट एसओ’ गाळायचं.

‘डिपेंडंट लायब्ररीज’ (त्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्ररी) सापडत नाहीत असं विंडोज म्हणालं, तर वरच्या सेटिंगचा उपयोग नाही: त्या डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली) जावा शोधत नाही, विंडोज शोधतं. मी रन कॉन्फिगरेशनच्या एन्व्हायर्नमेंट टॅबमध्ये ‘पाथ’ला (विंडोज जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीला) त्यांचं फोल्डर जोडतो. ६४ बिट जावाला ३२ बिट डीएलएल मात्र कशानेच चालत नाही.