उतारावरचा खोटा भोंगा कसा थांबला

माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021), इर्शाळवाडी (19 जुलै 2023). दरडीखाली गेलेल्या या गावांची नावं डोक्यात असल्यामुळेच आमच्या वाडीमागच्या उतारावर कलमापक, म्हणजे जमीन किती कलली ते मोजून धोक्याचा भोंगा वाजवणारी यंत्रं, बसवले. पण जूनमध्ये पाऊस उघडला की दुपारी भोंगा वाजायचा. तीनदा लोक धावत शाळेत गेले. चौथ्यांदा कुणी उठलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

नोंदी काढून पाहिल्या. कोनाची रेघ तापमानाच्या रेघेबरोबर चढत होती आणि रात्री परत जागेवर येत होती. सरकणारी माती अशी परत येत नाही! मापक बसवलेल्या लोखंडी पाइपाची एक बाजू उन्हात तापून तो किंचित वाकत होता, शिवाय तो नुसत्या वरच्या भुसभुशीत मातीत रोवलेला होता.

पाइप काढून खाली घट्ट मुरुमापर्यंत नेला, वर हवा खेळेल असं पांढरं आच्छादन दिलं. आता एका आकड्यावर भोंगा वाजत नाही. दहा मिनिटांची सरासरी घेतो, आणि शेजारच्या दोन मापकांनी तेच सांगावं लागतं.

पावसाची अट मात्र मुद्दाम घातली नाही. पाऊस थांबल्यावरही मुरलेल्या पाण्याचा दाब मातीत राहतो, दरड तेव्हाही येऊ शकते. म्हणून पर्जन्यमापकाचा आकडा फक्त आधीची सूचना देतो.

तरी झरा अचानक गढूळला किंवा जमिनीला भेग दिसली, तर भोंग्याची वाट न बघता निघायचं, हे घरोघरी सांगून आलो आहे.