ट्रॅकवर जायच्या आधी शॉकअप जुळवून घ्या

ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली बाईक पळवायला, निघालेला रत्नागिरीचा पोरगा गॅरेजात येतो आणि पहिलं वाक्य टाकतो, "काका, शॉकअप एकदम कडक करून द्या." कडक म्हणजे रेसिंग, हे यांच्या डोक्यात कोणी भरवलंय देव जाणे. कोइम्बतूरचा करी स्पीडवे असो नाहीतर श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रासचा ट्रॅक, नवख्याला चाक जमीन सोडणार नाही अशी गाडी हवी.

पाना नंतर, आधी ओलं फडकं घ्या. मिऱ्या-भाट्येच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीला खारी हवा बारा महिने लागते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. कुठे खरखर लागली तर गंजाने टोचे पडलेत, आणि तेच ऑइल सील फाडतात. सीलच्या कडेला लाल धूळ तेलात भिजून चिकटलेली दिसली, की सील बदलल्याशिवाय ट्रॅक नाही. ते तेल ब्रेकवर उतरतं.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग दाबणारी रिंग मिठाने जाम असते. ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मगच हुक पाना लावा. आंब्याच्या पेट्या बांधायला कोणी ती शेवटच्या खाचेत नेलेली असते, तीही आधी बघा.

आता सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉकअप किती खाली बसतो तो आकडा. टेप आणि दोन मित्र लागतात. चाक हवेत उचलून पुढच्या नळीची उघडी लांबी मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवून रायडिंगच्या पोझिशनमध्ये बसा. एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने मोजायचं. गाडी खाली दाबून हळूच सोडली की एक आकडा येतो, वर उचलून हळूच सोडली की दुसरा. दोघांची सरासरी धरा. समजा उघडी लांबी 125 मिमी, दाबून 87, उचलून 93. सरासरी 90, म्हणजे सॅग 35. पुढे 30 ते 35 मिमी आणि मागे साधारण 30, सुरुवातीला एवढं पुरे. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर नळी घासतेय. पुन्हा फडकं आणि सील.

सॅग जास्त तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, कमी तर सोडा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची बसलेली उंची बदलते. पुढे ॲडजस्टरच नसेल तर नुसतं मोजून ठेवा, मागचं जुळवा.

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येताना त्याला आवरणारा, स्क्रू असेल तर आधी हळूच पूर्ण बंद करून क्लिक मोजा, लिहा, मग कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणा. सीट दाबून सोडा. गाडी एका दमात वर येऊन थांबली पाहिजे. डुलली तर रिबाउंड वाढवा, रेंगाळत आली तर कमी करा. एका वेळी दोन क्लिक, एकच बदल. कॉम्प्रेशनला, म्हणजे शॉकअप दबताना आवरणाऱ्या स्क्रूला, पहिल्या दिवशी हात लावू नका. टायरमधली हवा मात्र प्रत्येक सेशनआधी, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या प्रत्येक पाळीआधी, बघा. ती चुकली तर पोरं शॉकअपला शिव्या घालतात.

पुढच्या नळीला एक केबल टाय हलकी बांधून सीलला टेकवा. सेशन संपल्यावर ती कुठवर सरकलीय ते बघा. जोरात ब्रेक मारूनही शेवटचे 10 मिमी शिल्लक राहिले तर छान. टोकाला जाऊन बसली आणि प्रीलोड थोडा वाढवूनही भागलं नाही, तर प्रश्न स्प्रिंगचा किंवा आतल्या तेलाच्या पातळीचा आहे. ते काम दोन सेशनच्या मधे पिटमध्ये उघडून बसू नका. त्या दिवशी ब्रेक जरा लवकर धरा आणि गाडी गॅरेजात आणा.