सिस्मिकच्या कामात नव्याने येणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापूरहून फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "दादा, एम.एस्सी. जिऑलॉजी झालं, ऑइलमध्ये यायचंय. ऑफिसचं काम मिळेल ना?" मी मस्कतला बरीच वर्षं सिस्मिकच्या कामात, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचं तेल-वायू शोधण्याच्या कामात आहे. आधी ओमानच्या वाळवंटात क्रूवर, म्हणजे फील्डवरच्या तुकडीत होतो, नंतर प्रोसेसिंगला बसलो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑफिस मिळेल, पण आधी मागू नका. पहिली दोन-तीन वर्षं फील्डवर काढा. पुढे ज्या स्क्रीनसमोर आयुष्य जाणार आहे, तिच्यावरची प्रत्येक रेघ कुठून आणि कशी आली हे तिथेच कळतं.

कामाचे ढोबळ तीन भाग आहेत. फील्डवर डेटा गोळा करणं म्हणजे ॲक्विझिशन. त्यातला गोंगाट काढून जमिनीखालच्या थरांचं चित्र उभं करणं म्हणजे प्रोसेसिंग. त्या चित्रावरून तेल-वायू कुठे साठला असेल हे ठरवणं म्हणजे इंटरप्रिटेशन. मुलांना सरळ तिसऱ्यात उडी घ्यायची असते, कारण मान तिथे जास्त दिसतो.

तत्त्व सोपं आहे. जमिनीला धक्का द्यायचा आणि खालच्या थरांवरून परत येणारी लहर जिओफोनने, म्हणजे जमिनीत रोवलेल्या कंप टिपणाऱ्या छोट्या यंत्राने टिपायची. सरासरी वेग सेकंदाला ३,००० मीटर धरला, तर २ सेकंदांनी परतलेली लहर ३ किलोमीटर खोलीवरून आलेली असते. एक सेकंद जायला, एक यायला. १९२१ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाला हा प्रयोग पहिल्यांदा यशस्वी झाला आणि आजही पाया तोच आहे. मुंबई हायची रचना १९६० च्या दशकातल्या समुद्री सिस्मिक सर्वेक्षणात दिसली होती, तेल लागलं १९७४ मध्ये.

"पण दादा, सोलापुरात तेल कुठंय?" नाही, आणि का नाही हे नीट समजून घ्या, मुलाखतीत उपयोगी पडेल. आपण डेक्कन ट्रॅपवर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे बोअर घेतलं, त्यात बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) सुमारे ३३८ मीटर निघाला आणि खाली जेमतेम काही मीटर गाळाचा थर सोडला की लगेच जुना ग्रॅनाइट-नाइसचा पाया. तेल तयार व्हायला आणि साठायला जो जाड गाळाचा खडक लागतो, तो तिथे नाहीच. सौराष्ट्र-कच्छकडे मात्र ट्रॅपखाली मेसोझोइक, म्हणजे डायनासोरच्या काळातला गाळ आहे, आणि तो सिस्मिकमध्ये स्वच्छ दिसणं हे आपल्या देशातलं एक अवघड कोडं आहे. बेसाल्टमध्ये लहर सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास किंवा जास्त वेगाने जाते. वरच्या तोंडावरच बरीच ऊर्जा परत फिरते, आतल्या वेगवेगळ्या लाव्हाच्या थरांमध्ये उरलेली विखुरते आणि खालच्या गाळापर्यंत फार थोडी पोचते. ज्याला या प्रश्नावर दहा मिनिटं धड बोलता येतं त्याच्याकडे मुलाखत घेणारे वेगळ्या नजरेने बघतात. सोलापूरच्या मुलाला ते यायलाच हवं.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही बाजूची उघडी विहीर बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या, मग काळा पाषाण. सिस्मिकवाला ज्याला वेदर्ड लेयर म्हणतो तो हाच मुरमापर्यंतचा भाग. त्यात लहर सेकंदाला ५०० ते १,००० मीटर अशी रेंगाळते आणि पाषाण लागला की एकदम धावते. एका शेतात मुरूम तीन मीटर आणि पलीकडच्या शेतात बारा मीटर असेल, तर खालचा सपाट थरही कागदावर वरखाली झालेला दिसतो. हा फरक काढून टाकणं म्हणजे स्टॅटिक्स करेक्शन. चुकीच्या स्टॅटिक्समुळे नसलेला उंचवटा दिसू शकतो आणि त्या उंचवट्यावर कुणी तेलविहीर खोदली तर कोट्यवधी रुपये मातीत जातात. पुस्तकात हे दोन पानांत उरकतं. चार विहिरींत डोकावून मुरमाची जाडी वहीत लिहून ठेवलेल्या मुलाला ते आयुष्यभर विसरता येत नाही.

शिवाय आपल्याकडे पाण्यासाठी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे होतात, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतात. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो त्याच शिवारात कुणीतरी चार इलेक्ट्रोड ठोकून मीटर घेऊन बसलेला असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय सोलापुरात आहे. प्राध्यापकांचं पत्र घेऊन जा, सर्व्हेला सोबत नेण्याची विनंती करा. पद्धत वेगळी असली तरी वरून मोजून खालचं ओळखायची सवय तीच.

आता शिक्षणाचं. आपल्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथून जिऑलॉजीचा पाया चांगला होतो. पण जिओफिजिक्सला, म्हणजे भौतिकशास्त्राच्या पद्धतींनी जमिनीखालचं ओळखण्याच्या शास्त्राला, गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच. बी.एस्सी.ला गणित सोडलेल्या मुलांची पुढे दमछाक होते, म्हणून आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर काहीही करून गणित ठेवा. फूरिये रूपांतर (लहरीची वेगवेगळ्या कंपनसंख्यांत फोड करणं) म्हणजे काय हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. सगळं प्रोसेसिंग त्यावर उभं आहे. पदव्युत्तर जिओफिजिक्ससाठी पवईचं आयआयटी, धनबादचं आयएसएम, खरगपूर, रुरकी ही नावं सगळ्यांना माहीत असतात. आयआयटीत एम.एस्सी.ला शिरायचा रस्ता जॅम परीक्षेतून जातो. सोलापूरकरांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडेही बघावं. एका रात्रीच्या अंतरावर आहे, आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी किंवा गल्लीत तेलुगू बोलली जाते, आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था त्याच शहरात आहे.

ओएनजीसी आणि ऑइल इंडिया हे सरकारी दरवाजे. ओएनजीसीमध्ये जिओफिजिसिस्टच्या भरतीत बरीच वर्षं गेट परीक्षेचा जिऑलॉजी अँड जिओफिजिक्स हा पेपर महत्त्वाचा होता. त्यात जिओफिजिक्सचा विभाग वेगळा निवडावा लागतो. निवडीची पद्धत आणि पात्रतेच्या अटी ताज्या जाहिरातीतूनच वाचा. मित्राने सांगितलं म्हणून फॉर्म भरू नका आणि सोडूही नका. लागलात तर आसाम, त्रिपुरा, गुजरात, राजस्थान, कुठेही फील्ड पार्टीवर पाठवतील. पावसाळा संपला की पार्टी निघते आणि पुढच्या पावसाआधी परतते. घरच्यांना हे आधी नीट सांगा. देहरादूनची जिओपिक, म्हणजे ओएनजीसीचं प्रोसेसिंग आणि इंटरप्रिटेशन केंद्र, हे बहुतेकांचं स्वप्न असतं; फील्ड करून गेलात तर तिथेही कामाला लवकर रुळाल. सरकारी परीक्षा निघाली नाही तर खासगी सर्व्हे कंपन्या आहेत. तिथे पगार सुरुवातीला कमी आणि काम जास्त, पण दोन हंगामांत जे शिकाल ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

क्रूवरचा पहिला आठवडा कसा घालवावा, हे जरा सविस्तर सांगतो.

वाळवंटातल्या क्रूवर स्फोटकांऐवजी बहुधा व्हायब्रेटर असतात. मोठाले ट्रक ओळीने उभे राहतात, पोटाखालची लोखंडी प्लेट जमिनीवर टेकवतात आणि कमी कंपनसंख्येपासून जास्तीपर्यंत काही सेकंद जमीन थरथरवतात. त्याला स्वीप म्हणतात. मोठा व्हायब्रेटर जमिनीवर सुमारे २७ टनांचा जोर लावू शकतो. शेजारी उभं राहिलं की तळपायातून कंप वर चढतो आणि सुरुवातीचा घुमणारा आवाज हळूहळू चढत जातो. नव्या माणसाने एकदा तरी सुरक्षित अंतरावर उभं राहून पूर्ण स्वीप ऐकावा. मग त्याच स्वीपचा रेकॉर्ड केबिनमध्ये जाऊन बघावा.

रेकॉर्डिंग केबिनमध्ये ऑब्झर्व्हर, म्हणजे रेकॉर्डिंग सांभाळणारा माणूस बसतो. क्रूवर तुमचा खरा गुरू तो. त्याच्याकडे डिग्री असेल-नसेल, पण रेकॉर्ड आला की एका नजरेत सांगतो: हे फर्स्ट ब्रेक (सगळ्यात आधी पोचलेली लहर), हा पंख्यासारखा पसरलेला ग्राउंड रोल (पृष्ठभागावरून धावणारा गोंगाट), ही ट्रेस (रेकॉर्डवरची एक रेघ) मेलेली आहे, ही उलट्या पोलॅरिटीची (खालीवर उलटी झालेली), आणि ही जाड थरथर म्हणजे शेजारून विजेची लाइन गेली आहे, ५० हर्ट्झ. त्याच्या मागे उभे राहा, वही काढा, त्याने प्रत्येक खराब ट्रेसला काय केलं ते लिहा. तो रेडिओवरून लाइन क्रूला (केबल आणि जिओफोन मांडणाऱ्या मंडळींना) सांगेल की अमुक स्टेशनवर जा. तुम्हीही गाडीत बसून जा. तिथे दिसेल की जिओफोनचा खिळा नुसता वाळूवर टेकलाय, तिरका आहे, किंवा उंटाने केबल तुडवलीय. जिओफोन उपटून, वरची सैल वाळू पायाने बाजूला करून, खालच्या घट्ट जमिनीत सरळ दाबून बसवायचा. मग रेडिओवर "बघा आता" म्हणायचं आणि पलीकडून "ओके" येईपर्यंत थांबायचं. पुढे प्रोसेसिंगला बसल्यावर गोंगाट दिसला की फिल्टर लावायच्या आधी तुम्ही विचाराल, हा आला कुठून? मला चांगला जिओफिजिसिस्ट ओळखायला हा एक प्रश्न पुरतो.

क्रूवर माणसं अनेक देशांची असतात आणि ड्रायव्हर, मेकॅनिक, लाइनवरच्या मंडळींत आपल्याकडचे पुष्कळ. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी हिंदी कानावर पडत वाढलेला सोलापूरचा मुलगा इथे सहज मिसळतो. तेलुगू मेकॅनिकला अण्णा म्हणून हाक मारा, त्याच्या हातचा चहा प्या, जनरेटर कसा चालतो ते विचारा. साहेब होऊन वागणाऱ्या नव्या पोराला क्रू काहीच शिकवत नाही.

सुरक्षेबद्दल हात जोडून सांगतो. फील्डवर सगळ्यात जास्त भीती गाडीची. सीट बेल्ट, वेगमर्यादा, निघताना कुठे जातोय आणि कधी पोचणार हे कळवणं, यात एकदाही सूट घेऊ नका. वाळवंटात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडी शोधता येते, माणूस सापडत नाही. आणि "आम्हाला सोलापूरच्या उन्हाची सवय आहे" हे डोक्यातून काढा. मे महिन्यात आपण दुपारी सावलीत असतो, इथे पूर्ण अंगभर कव्हरऑल, हेल्मेट आणि बूट घालून काम असतं. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर कामाला बंदी आहे, ती उगाच नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. चक्कर, मळमळ वाटली तर लगेच सांगा. समुद्रावरच्या कामाला जाणार असाल तर पोहायला शिका. हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यास बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण तिथे घ्यावं लागतं, आणि पाण्याची भीती असलेल्याला ते फार जड जातं.

मोकळ्या वेळात लिनक्स आणि पायथन शिका. सिस्मिक युनिक्स आणि ओपनडीटेक्ट ही सिस्मिकची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. उत्तर समुद्रातल्या नेदरलँड्सच्या एफ-३ ब्लॉकचा खराखुरा थ्रीडी डेटाही सगळ्यांसाठी खुला आहे. तो उघडून एक होरायझन स्वतः पिक करा, म्हणजे एका थराची रेघ डेटाभर माग काढत आखा. जुळे सोलापुरातल्या खोलीत साध्या लॅपटॉपवर हे होतं.

पैशाचं स्पष्ट बोलतो. तेलाचा भाव पडला की कंपन्या सगळ्यात आधी शोधमोहिमेला कात्री लावतात, आणि शोधमोहीम म्हणजे आपण. २०१४ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये असंख्य क्रू बंद पडले. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकी तेलाचा वायदा भाव शून्याखाली गेला होता. म्हणून पहिल्या वर्षीच होटगी रोडला फ्लॅट बुक करून मोठा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नका. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबा. घरचे लग्नाची घाई करतील, त्यांनाही हेच आकडे दाखवा. विद्या मात्र वाया जात नाही. नॉर्वेत स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या खडकात सोडतात आणि तो कुठे पसरतोय यावर लक्ष सिस्मिकनेच ठेवतात. भूऔष्णिक ऊर्जा, समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये, सगळीकडे हीच माणसं लागतात.

परदेशात यायचं असेल तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाखात मागणारा, रोख मागणारा किंवा व्हिजिट व्हिसावर चला म्हणणारा असेल तर तिथूनच माघारी फिरा. पदवीच्या कागदांचं प्रमाणीकरण निघण्याआधी मुंबईतून करून घ्या, इथून ते करणं फार त्रासाचं होतं.

सामानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर आणा, दोन्ही कॅम्पवर महिनोन्‌महिने टिकतात. पण खसखस अजिबात नको. आखातात बऱ्याच ठिकाणी तिच्यावर बंदी आहे, म्हणून आईने केलेल्या काळ्या मसाल्यात ती आहे का हे विचारून घ्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा, झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्यांबाबत विशेष जपा. मस्कतला आलात की रुवी भागात आपल्याकडचं सगळं किराणा मिळतं, मराठी मंडळीही भेटतात.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर शोधा: किती आठवडे काम आणि किती रजा, रजेत पगार मिळतो का, जाण्यायेण्याचं तिकीट कोण देतं, आणि क्रू मध्येच बंद पडली तर घरी कोण पाठवतं. यातलं एक जरी तोंडी असेल तर ते लिहून मागा. लिहून देईपर्यंत पासपोर्ट हातातून सोडू नका.